मादाम, लॉटरी आणि ‘मी संपले’: फ्रेंच इमर्शनची पाच वर्षं

जून २०२४च्या शेवटच्या आठवड्यात लेकीचं पाचवीचं रिपोर्ट कार्ड पोर्टलवर आलं आणि आमचा फ्रेंच इमर्शनचा, म्हणजे शाळेतले विषयच फ्रेंचमधून शिकण्याचा, पहिला टप्पा संपला. आम्ही टोरॉन्टोच्या पश्चिमेला राहतो. इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळा पाचवीपर्यंतच असतात, सहावीला शाळा बदलते. या पाच वर्षांत नव्याने आलेल्या कितीतरी मराठी आयांचे फोन आले. प्रश्न साधारण एकच: “अगं, पोरीचा आधीच मराठी-इंग्रजीचा घोळ, त्यात फ्रेंच झेपेल का?” फोनवर दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून पहिल्यापासून लिहून काढते. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, अकाउंटंट आहे. त्यामुळे तारखा आणि पैसे तेवढे पक्के लक्षात आहेत.

आम्ही २०१७च्या जुलैत पुण्याहून आलो तेव्हा लेक चार वर्षांची होती. सप्टेंबरात बालवाडीत गेली. तिला मराठी धो धो यायचं. इंग्रजीत रंग, फळं आणि ‘थँक्यू’. वर्गातल्या जवळपास सगळ्यांना इंग्रजी येत होतं. नाताळपर्यंत ती शाळेत एक अक्षर बोलली नाही. घरी आली की बूटसुद्धा न काढता दारातच तासभर बडबड. बाई म्हणाल्या, नव्या भाषेत पडलेली मुलं आधी नुसतं ऐकतात, काळजी करू नका. मी केलीच.

कारण माझी अकरावी. १९९९ साली सांगलीत मराठी माध्यमातून दहावी झाले आणि सायन्सला गेले. मार्चपर्यंत जो ‘संवेग’ होता तो पावसाळ्यात ‘मोमेंटम’ झाला. वर्गातली निम्मी मुलं इंग्रजी शाळांतली. मनातल्या मनात प्रश्न इंग्रजीत जुळवेपर्यंत सर फळा पुसून पुढे गेलेले असायचे. ते वर्ष मी शेवटच्या बाकावर काढलं. माझ्या लेकीचं तसं व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं.

नोव्हेंबर २०१८मध्ये तिच्या दप्तरात एक घडी घातलेला कागद आला: पुढच्या सप्टेंबरात पहिलीला फ्रेंच इमर्शन हवं असेल तर ऑनलाइन अर्ज करा. तोवर मला हा प्रकार माहीत नव्हता. आमच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या साध्या इंग्रजी शाळेत चौथीपासून फ्रेंच हा एक विषय सक्तीचा असतो. इमर्शनमध्ये विषयच फ्रेंचमधून शिकवतात. आमच्या बोर्डात (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळात) अर्धा दिवस फ्रेंच (फ्रेंच भाषा, विज्ञान, समाजशास्त्र) आणि अर्धा दिवस इंग्रजी (इंग्रजी, गणित). प्रत्येक बोर्डाची विभागणी वेगळी, तुमच्याकडची विचारून घ्या. आठवी संपेपर्यंत फ्रेंचमधून किमान ३,८०० तास शिकणं व्हावं, ही प्रांताची अट. माझ्यातल्या अकाउंटंटने लगेच हिशेब मांडला: दिवसाला अडीच तास, वर्षाला साधारण १९० दिवस, आठ वर्षं. बरोबर ३,८००. म्हणजे एकही तास जास्तीचा नाही. हे आकडे पुढे कामाला आले.

जानेवारी २०१९मधल्या एका संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये पालकसभा झाली. बाहेर उणे अठरा, आत घडीच्या खुर्च्या. १९६५ साली माँट्रियालजवळच्या सँ-लाँबेर गावात इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनीच हट्ट धरून असा पहिला वर्ग सुरू करायला लावला, त्या मुलांचा मॅकगिल विद्यापीठाने अभ्यास केला आणि त्यांचं इंग्रजी काही बुडालं नाही, ही गोष्ट तिथे कळली. सुरुवातीला ती मुलं इंग्रजी वाचना-लेखनात मागे होती, शाळेत इंग्रजी सुरू झाल्यावर भरून निघालं. मी हात वर केला: आमच्या घरी इंग्रजी नाही, मराठी आहे. उत्तर देणाऱ्या बाई भल्या होत्या, पण म्हणाल्या, शक्य असेल तर घरी इंग्रजी वाढवा, मुलीला सोपं जाईल.

घरी येऊन अर्ज भरायला बसलो. एका रकान्यात ‘मुलाची पहिली भाषा’ आणि पुढे भलीमोठी यादी. इंग्रजी सगळ्यात वर होतं. जागा लॉटरीने देतात, मराठी लिहिलं तर त्यातून नाव वगळतील, अशी कुठूनतरी भीती शिरली (असं काही नसतं). मी इंग्रजीवर टिचकी मारली. नवरा म्हणाला, “अगं, हे खोटं आहे.” मी म्हटलं, “राहू दे, कोण बघतंय.”

कागदपत्रं फार नव्हती, कारण ती आधीच बोर्डाच्या शाळेत होती. नव्याने येणाऱ्यांना जन्माचा दाखला, पीआर (कायमच्या वास्तव्याचं) कार्ड किंवा लँडिंगचा कागद, पत्त्याचा पुरावा आणि लसींची नोंद लागते. लसींबाबत एक सांगते: डॉक्टरांनी लस दिली म्हणजे सरकारदरबारी नोंद झाली असं नाही. ती आपणच आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर भरायची असते. आम्ही पुण्याच्या दवाखान्याचं कार्ड फाइलमध्ये जपून ठेवलं आणि निर्धास्त राहिलो. मग शाळेतून निलंबनाचा इशारा देणारं पत्र आलं. कांजिण्यांचा दुसरा डोस राहिला होता.

फेब्रुवारीत ईमेल आला: वेटलिस्ट, क्रमांक ११. सोडून दिलं. १४ मेला दुपारी दुसरा ईमेल: जागा आहे, ४८ तासांत कळवा. मी तो संध्याकाळी सात वाजता स्पॅममध्ये पाहिला. वेटलिस्टवर असाल तर स्पॅम रोज उघडा. शाळा घराजवळची नव्हती, साडेचार किलोमीटरवरची होती, आणि आमच्या पत्त्याला शाळेची बस मिळत नव्हती. फी शून्य. पण सकाळी सोडायला गाडी आणि दुपारनंतरच्या पाळणाघराचे महिन्याला ३८० डॉलर, म्हणजे फुकट असं काही नव्हतं.

सप्टेंबर २०१९. पहिल्या आठवड्यात मादाम (फ्रेंचच्या बाईंना सगळे मादामच म्हणतात) इंग्रजी बोलल्याच नाहीत. हातवारे, चित्रं, गाणी. पहिलं पूर्ण वाक्य सगळी मुलं गरजेपोटी शिकली: “एस्क झ पो आले ओ त्वालेत?” बाथरूमला जाऊ का? लेक दोन आठवडे सकाळी पोटात दुखतंय म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात थांबली. मी विचारलं, “बरं वाटतं का गं आता?” तर म्हणाली, “आई, तिथे कुणालाच काही येत नाही.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. बालवाडीत ती एकटी अडाणी होती, इथे वीसच्या वीस मुलांची पाटी कोरी. मादामना ते माहीत होतं आणि त्या त्याच हिशेबाने सावकाश, दहादा दाखवून बोलत होत्या. सांगलीच्या सरांना आमच्याबद्दल तसं गृहीत धरायचं कारण नव्हतं. नव्या भाषेतून शिकणं एकच, पण वर्ग तुमच्यासाठी मांडलेला आहे की दुसऱ्यांसाठी, यात सगळा फरक. मला उगाच वाटत होतं की तिच्यावर माझी अकरावी लादतेय.

नोव्हेंबरात पालकभेट. वेळ पंधरा मिनिटं. मादामनी वही उघडली आणि म्हणाल्या, हिचा ‘त’ फार छान आहे. मला कळेना. मग त्यांनी उच्चारून दाखवलं. फ्रेंच त आणि द आपल्यासारखे दातांवरचे. इंग्रजी बोलणारी मुलं ‘ताब्ल’ला ‘टाब्ल’ म्हणतात. आमचीला ते आयतंच येत होतं. “घरी कोणती भाषा?” मी जीभ चावली. कागदावर इंग्रजी होतं. खरं सांगितलं. त्या हसल्या आणि इंग्रजीत सांगितलेलं मराठीत सांगायचं तर असं: मग घरी मराठीच बोला, भरपूर बोला, फ्रेंच माझ्यावर सोडा.

एकाच विषयावर दोन सल्ले, तेही उलटसुलट. त्या रात्री मी बराच वेळ वाचत बसले. जिम कमिन्स हे टोरॉन्टोतच भाषाशिक्षणावर काम केलेले अभ्यासक. हिमनगाचं चित्र त्यांचं: वर दोन भाषांची दोन टोकं वेगळी दिसतात, पाण्याखाली डोंगर एकच. वाचायचं कसं, कारण आणि परिणाम कसा जोडायचा, गोष्टीचा शेवट कसा ओळखायचा, हे एका भाषेत आलं की दुसरीत नव्याने शिकावं लागत नाही. मला ते पटलं, कारण माझं तसंच झालं होतं. अकरावीत भाषा गेली होती, डोकं गेलं नव्हतं. बारावीपर्यंत सावरले ते मराठीत पक्क्या झालेल्या पायावर. घरी इंग्रजी वाढवायचा बेत त्या रात्री रद्द केला. सासूबाई साताऱ्याहून व्हिडिओवर रोज म्हणतच होत्या, “तिला मराठी नीट येऊ दे गं आधी.” त्यांना हिमनग लागला नाही.

घरी एक पद्धत बसवली. मला फ्रेंच शून्य. म्हणून लेकीने पुस्तक फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचायचं आणि काय वाचलं ते मला मराठीत सांगायचं. पानभर वाचून ‘एक कुत्रा होता’ एवढंच सांगितलं की समजायचं, काही कळलेलं नाही. पुस्तकं सार्वजनिक वाचनालयातून, फुकट. सुरुवातीला मी फ्रिजवर शब्द देवनागरीत लिहून लावले. ‘वाझो’ म्हणजे पक्षी, ‘बोकू’ म्हणजे पुष्कळ. बोलायला उत्तम, स्पेलिंगला घातक. पहिलीतल्या लेकीनेच निदान केलं: “आई, मराठीत लिहिलंय ते सगळं वाचायचं, फ्रेंचमध्ये निम्मं गिळायचं.” जानेवारीत मी चिठ्ठ्या काढून टाकल्या.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. त्याआधीच्या दोन महिन्यांत शिक्षकांचे अधूनमधून संप होतेच. पुढचं दीड वर्ष कधी पडद्यावर, कधी वर्गात. एप्रिल २०२१पासून उन्हाळ्यापर्यंत पूर्ण पडद्यावर. गणिताला आम्ही होतो, इंग्रजीला कार्टून होतं. फ्रेंचला मात्र वर्गाबाहेर आमच्या गावात कुणीच नाही. दुकानात, बसमध्ये, बागेत, कुठेही नाही. मादाम पडद्यावर बोलायच्या, मुलं म्यूटवर. लेकीला सगळं समजायचं, आणि ती फक्त ‘वी’ आणि ‘नों’ म्हणायची. माझा ३,८०० तासांचा हिशेब कागदावर तसाच चालू होता, कारण पडद्यावरचे तासही तासच. ऐकण्याचे तास भरत होते आणि बोलण्याची मिनिटंही भरत नव्हती, हे दुसरीच्या अखेरीस लक्षात आलं. ऑन्टारिओची टीएफओ ही फ्रेंच शैक्षणिक वाहिनी आम्ही तेव्हा रोज अर्धा तास लावायचो. कान तयार राहिला. जीभ राहिली नाही.

तिसरी (२०२१-२२) सगळ्यात वाईट गेली. फ्रेंचमधून शिकवणारे शिक्षक ऑन्टारिओत कमीच पडतात. आमच्या मादाम ऑक्टोबरात बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि पुढचे नऊ आठवडे रोज वेगळं माणूस. त्यातल्या काहींना फ्रेंच येतच नव्हतं. ते इंग्रजीत रंगवायला कागद द्यायचे. शाळेला दोन ईमेल केले. उत्तर सभ्य होतं आणि त्यात काही नव्हतं. याच वर्षी वर्गातली चार मुलं इमर्शन सोडून इंग्रजीत गेली. एकाला वाचनाचीच अडचण होती आणि आईवडिलांना वाटलं, फ्रेंच काढलं की सुटेल. इमर्शनचे अभ्यासक फ्रेड जेनेसी यांच्या कामात मी वाचलं होतं की वाचनाची अडचण असलेलं मूल इंग्रजी वर्गातही तसंच झगडतं, इमर्शनमुळे ती अडचण वाढते असं दिसत नाही. पण ते त्या आईला मी बोलले नाही. खास मदत देणारी शिक्षिका त्या शाळेत फक्त इंग्रजीतून मदत करायची. मग आईने काय करायचं?

आम्हीही सोडायच्या बेतात होतो. अर्ज छापून टेबलावर ठेवला होता. नवरा म्हणाला, नाताळपर्यंत थांबू. मी एक विद्यार्थिनी शोधली, माँट्रियालकडची, इथे कॉलेजात शिकणारी. तासाला ३५ डॉलर, आठवड्यातून एकदा, जानेवारी ते जून. एकूण २२ तास, ७७० डॉलर. तिला एकच सांगितलं: गृहपाठ नको, व्याकरण नको, फक्त बोलतं कर. दोघी मिळून पॅनकेक करायच्या, पत्ते खेळायच्या. आतापर्यंत फ्रेंचवर केलेल्या खर्चातला हा एकच मी पुन्हा करीन. ॲपचे पैसे पाण्यात गेले.

चौथीत नव्या मादाम आल्या, टिकल्या, आणि लेक बोलू लागली. भरपूर आणि चुकीचं. एके दिवशी गृहपाठ संपवून ऐटीत म्हणाली, “झ स्वी फिनी!” पत्त्यांवाली ताई योगायोगाने फोनवर होती, ती खो खो हसली. फ्रेंचमध्ये ‘झे फिनी’ म्हणायचं, ‘मी संपवलं’. लेक इंग्रजीच्या साच्यात म्हणत होती, आणि त्याचा अर्थ झाला ‘मी संपले’. वयही तसंच, ‘मी नऊ वर्षं आहे’. नव्या मादाम म्हणाल्या, ही चूक इमर्शनच्या वर्गात सगळी मुलं करतात आणि एकमेकांची ऐकून पक्की करतात. समज फ्रेंच मुलांच्या जवळपास आणि बोलणं-लिहिणं अडखळत, हे १९८०च्या दशकात टोरॉन्टोच्याच मेरिल स्वेन यांनी दाखवलं होतं: नुसतं ऐकून भागत नाही, स्वतः बोलण्या-लिहिण्याची वेळ आली की आपल्याला काय येत नाही ते कळतं. दुसरं एक मला रंजक वाटलं. शिक्षक बहुधा मुलाची चूक गुपचूप दुरुस्त करून वाक्य परत म्हणतात. रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी १९९७मध्ये इमर्शनचे वर्ग तपासले तेव्हा हीच पद्धत सगळ्यात जास्त दिसली, आणि मुलांनी स्वतःची चूक सुधारण्याचं प्रमाण तिच्यातच सगळ्यात कमी होतं. मुलाला वाटतं, बाईंनी ‘हो’ म्हटलं. या मादाम तसं करत नसत. “पार्दों?” म्हणून थांबत आणि मुलाकडूनच बरोबर वाक्य काढून घेत. घरी मीही उसना आव आणून “पार्दों?” म्हणू लागले. मला चूक कळलेली नसायची. निम्म्या वेळा तिला सापडायची.

लिंगाचा गोंधळ होताच. “आई, चंद्र ‘ती’ कशी असेल?” फ्रेंचमध्ये चंद्र स्त्रीलिंगी, सूर्य पुल्लिंगी. पण निर्जीव वस्तूला लिंग असतं, हेच तिच्या मैत्रिणींना विचित्र वाटायचं. आमच्याकडे खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. फ्रेंचमध्ये एक लिंग कमीच, म्हणून ती खूश. शब्दाच्या शेपटीवरून लिंग ओळखायचं, जसं आपल्याकडे ईकारान्त बहुधा स्त्रीलिंगी, हे तिला मी सांगितलं आणि मग तिने स्वतःची यादी केली: ‘-स्यों’ने संपणारे स्त्रीलिंगी वगैरे.

जुलै २०२३मध्ये गाडीने माँट्रियालला गेलो, साडेपाच तास. दुकानात शिरलं की “बाँझूर-हाय”. लेकीने फ्रेंच सुरू केलं की समोरचा दोन वाक्यांत इंग्रजीवर यायचा. दुसऱ्या दिवशी रडली: “माझं फ्रेंच खोटं आहे.” तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एक आजी होत्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या. लेकीने बेगल मागितले, पैसे विचारले, सगळं ‘वू’ (आदराचं ‘तुम्ही’) लावून. आजी म्हणाल्या, मला ‘त्यू’ म्हण की. लेक काही तयार होईना. बाहेर आल्यावर म्हणाली, “मी साताऱ्याच्या आजीला ‘तू’ म्हणते, पण या अनोळखी होत्या ना.” वर्गातल्या तिच्या मैत्रिणी अजून ‘वू’ विसरतात. नियोजन करणाऱ्यांना एक सांगते: माँट्रियालचा मध्यभाग टाळा, जिथे इंग्रजीने काम भागत नाही तिथे दोन दिवस काढा.

पाचवी सुरळीत गेली, लिहिण्यासारखं फार नाही. चौथी-पाचवीचा एकत्र वर्ग होता. पहिलीच्या वीसपैकी तेरा मुलं उरली होती. फ्रेंच लेखनात बी, वाचनात बी प्लस, बोलण्यात ए वजा. माँट्रियालच्या मुलासारखी ती बोलत नाही, आणि पुढच्या तीन वर्षांतही बोलेल असं वाटत नाही. मराठी वाचते, लिहिताना ऱ्हस्वदीर्घाची वाट लावते.

मे महिन्यात नव्या शाळेचा आधीच भरलेला अर्ज तपासायला आला होता. जन्मतारीख बरोबर, फोन बरोबर. पहिली भाषा: इंग्रजी. ईमेल केला तर ऑफिसातून उत्तर, हे बदलायला पालकांची सही लागते, छापून आणा. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन गेले. ऑफिसातल्या बाईंनी यादी उघडली आणि खाली सरकवत राहिल्या. मल्याळम, मँडरिन, मराठी. यादीत होतं. २०१९मध्येही असणार, मी तेवढं खाली गेलेच नव्हते.